बर्फातल्या बकऱ्यांची बटई

रंजू, परवा तुझी तेराव्या दिवसाची तेरवी झाली आणि काल दुपारी तुझ्या बकरीनं मला डोंगरावरून खाली लोटलं.

हसू नकोस. पाहुणे गेले, तुझे भाऊजी राईस मिलवर गेले, घरात मी आणि चार्जरला लावलेला तुझा मोबाईल एवढेच उरलो. तू बोटानं काढायचीस ती खूण मला पाठ होती. तुला वाटायचं, थोरली बहीण, आपली बाई, भाजी निवडते आहे. तर उघडला आणि तुझ्या त्या ठोकळ्यांच्या खेळात गेले. चौकोनी डोंगर, चौकोनी बर्फ, वर चौकोनी सूर्य. ज्या डोंगरासाठी तू तासन्‌तास माझ्याकडे पाठ करून बसायचीस, तिथं आहे तरी काय, हे मला एकदा बघायचं होतं. चालायचं बटण शोधत मी जागेवरच उभी होते. समोरची एक पांढरी बकरी थांबली, तिनं मान खाली घातली, पाय आपटले. मला वाटलं, ओळखलं हिनं मला. पुढच्या क्षणी मी हवेत आणि मग दरीत. पडद्यावर इंग्रजीत तुझं नाव आलं आणि पुढं लिहून आलं, उंचावरून पडून मेली. त्याखाली परत यायचं बटण होतं. मी ते दाबलं नाही. मोबाईल उशीखाली सारला आणि तांदूळ निवडायला बसले.

म्हणजे तुझंच खरं निघालं. आपण यावरून किती भांडलो ते आठवतं ना?

"बाई, हे बकरी उभ्या माणसालेच मारते," तू म्हणायचीस. "चालत राह्यलं तर काई नाई करत."

"असी बकरी कुठीच नसते. पिलाले हात लावला तर मारन, दुसरी बकरी चाऱ्यात घुसली तर तिले मारन. नुसत्या उभ्या माणसाले काऊन मारन?"

"मारते ना. मले मारते."

"तुले खेळता नाई येत."

मग तुझा अबोला. सकाळपर्यंत माझ्याशी नाही बोललीस, बकऱ्यांशी मात्र बोललीस. मला ऐकू यायचं.

पण बकऱ्यांबद्दल तू मला शिकवावंस? अगं, आपल्या घरच्या बकऱ्या चारल्या कुणी? गावात तेव्हा सिकलसेल हा शब्दही कुणाला माहीत नव्हता. 'रंजूचे सांधे धरतात' एवढंच लोक म्हणायचे. थंडी लागली की तुझं दुखणं उठायचं, बोडीच्या गार तळ्यात पाय घातलास की उठायचं, चार पावलं पळालीस तरी उठायचं. म्हणून आई तुला ओट्यावर गोधडीत गुंडाळून बसवायची. शेजारी गरम पाण्याचा गडू. दुधावरची साय तुझ्या वाटीत. आणि मला मिरचीची चटणी आणि भात बांधून द्यायची आणि बकऱ्यांमागं काट्याकुट्यांत धाडायची. त्या सायीवर मी जितकी जळले तितकी आजवर कुणाच्या सोन्यावर जळले नाही. तू कण्हत असायचीस, तरी मी सायीकडेच बघायचे.

पण संध्याकाळ माझी असायची. बकऱ्या कोठ्यात घातल्या की तू हाक मारायचीस, "बाई, आज काय झालं, सांग ना." मग मी सांगायचे. बांडीनं काय केलं, लपी कुठं हरवली, कानकाटीनं वनरक्षकाचा डबा कसा खाल्ला. तिखटमीठ लावून सांगायचे. तू माझ्याकडे अशी बघायचीस की आईनं जेवायला बोलावलं तरी तुला ऐकू यायचं नाही. तेवढा वेळ तू आईची नव्हतीस, दुखण्याची नव्हतीस. माझी होतीस.

आणि मग ती आली.

चंद्रपूरच्या दवाखान्यात तुला सलाईन लावलं होतं, मी खाली चहा आणायला गेले. किती वेळ गेले असेन गं? परत आले तर तू हसत होतीस. रात्रभर 'माय वो' करत तळमळणारी तू, शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या मोबाईलमध्ये डोकं घालून हसत होतीस. माझ्या हातात चहा निवत चालला आणि कुणी घेईना.

"बाई, हे कविता. माजरीची," तू म्हणालीस. "इचा नवरा कोळशाच्या खाणीत डंपर चालवते. इलेही सिकल हाये. इचं अन् माह्यं सेम हाये, बाई!"

सेम हाये. हे तू ज्या आनंदानं म्हणालीस तो आनंद मी विसरणार नाही. आपल्या सगळ्यांचं रक्त तपासलं होतं तेव्हा माझं साफ निघालं होतं. नर्सबाई म्हणाल्या, "तुमच्यात काही नाही, नशीबवान आहात." मी घरी येऊन देवापुढं नारळ फोडला. पण त्या दिवशी तुमच्या दोन खाटांच्या मध्ये स्टुलावर बसले आणि वाटलं, सख्खी बहीण मी, आणि रक्त जुळलं हिच्याशी. आजाराचा हेवा करणारी बाई जगात मी एकटीच असेन. होऊ दे. तुम्ही दोघी दुखण्याबद्दल अर्ध्या शब्दात बोलायचात, 'आज आतून' एवढं म्हटलं की तिला कळायचं. मला तू समजावून सांगायचीस. ज्याला समजावून सांगावं लागतं तो परकाच की.

तो डोंगर तिनंच तुला दाखवला. पौषात दोन-दोन मोजे घालून झोपणारी माझी बहीण बर्फात घर बांधून राहायला लागली. "इथी थंडी नाई लागत, बाई," म्हणायचीस. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ बघितले, खाटेवरून शेळ्या हाकणारी तूच. हाताला सुई, उशाला औषधं, आणि बोटानं कळप हाकते आहेस. मला सांगत सुटायचीस. बकरी किती उंच उडी मारते. भुसभुशीत बर्फात माणूस बुडतो पण बकरी तो ओळखून टाळते, म्हणून तिच्या मागं मागं जायचं. ती धावून आली की झटकन बाजूला व्हायचं, म्हणजे ती मागच्या दगडावर आपटते आणि तिचं शिंग गळून पडतं. ते फुंकलं की डोंगरभर आवाज. शिंग कोळशाच्या दगडावर आपटूनही पडतं, हा शोध कवितेचा. माजरीच्या बाईला डोंगरातही कोळसाच दिसायचा, असं मी म्हणाले तर तू तीन वेळा तिला फोन करून ते सांगितलंस. मी टोमणा मारला होता. तुम्ही दोघींनी त्याचा विनोद केलात.

आणि ती बकरी मेली तर मटण मिळत नाही, हे ऐकून मी कपाळावर हात मारला होता. शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड. इथं तर वातड म्हणायलाही काही उरत नाही. "मंग पाळता कायले?" मी विचारलं. तू म्हणालीस, "पायाले." बघायला. तू सगळं आयुष्य बघतच होतीस, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं होतं.

बटईचं मात्र मला फार लागलं. ते मी तुला कधी बोलले नाही, आता बोलते.

आपल्या गावात ज्याच्याकडे बकरी नाही त्याला दुसरा आपली बकरी बटईनं द्यायचा. त्यानं ती पाळायची, चारायची. पहिलं पिलू पाळणाऱ्याचं, दुसरं मालकाचं, असं आळीपाळीनं. बकरी मालकाचीच. बटईवाला म्हणजे नात्यातला नसून घरचा. त्याच्या लग्नाला आहेर, त्याच्या मयताला खांदा. आणि मालक गेला तर तेरवीनंतर बटईवाल्यानं सगळी बकरं घेऊन मालकाच्या दारात यायचं. मालकाच्या घरच्यानं आधी निवड करायची आणि बटई मोडायची. नाही तर 'चालू राहू दे' म्हणायचं. तोवर एका पिलालाही हात लावायचा नाही. हे सगळं तुला मीच सांगितलं होतं. आणि तू काय केलंस, तर त्या बर्फातल्या बकऱ्या कवितेला बटईनं दिल्यास! अगं, तिथं गव्हाची पेंढी दाखवली की पिलू होतं. हव्या तितक्या बकऱ्या कुणालाही करता येतात. तिथं बटई कसली? तरी तुम्ही दोघी 'आता तुझं, आता माझं' करत पिलं वाटत बसायचात. मी शेजारी बसून मोजे शिवत होते. मला एकदा तरी म्हणाली असतीस, 'बाई, तुले देऊ का एक?' मी नकोच म्हणाले असते. पण म्हणायला हवं होतंस.

तेरवीला ती आली होती. एसटीनं दोन गाड्या बदलून, पाय सुजलेले. दारातच बसली आणि अशी रडली की सगळ्या बायका तिच्याभोवती जमल्या. आपली मामी मला म्हणते, "अवो, तिले पाणी आणून दे." मी! माझी बहीण गेली आणि मी तिच्यासाठी पाणी आणते आहे. आणलं. तांब्या तिच्यापुढं जरा जोरातच ठेवला.

आज सकाळी तिचा फोन आला.

"बाई, तेरवी झाली. आता बटईचं कराले लागते ना? रंजू सांगे, मालकाच्या घरचा माणूस पहिले निवडते. मी एकाही पिलाले हात नाई लावला."

"हात लावाले तू जाशीन कसी तिथी?"

"तेच ना बाई. तो डोंगर रंजूच्या मोबाईलात हाये. तुमी उघडल्याशिवाय मले येताच येत नाई."

हे मला माहीत नव्हतं. कळल्याबरोबर मनात काय आलं, ते तुला खरं सांगते. बरं झालं, असं आलं. इतकी वर्षं दार तिच्या बाजूनं लावलेलं होतं आणि मी बाहेर स्टुलावर. आता किल्ली माझ्याकडे. "पायते," म्हणाले आणि फोन ठेवला. मग तुझा मोबाईल काढला. तो डोंगर पुसून टाकायची खूण सापडली मला, केराच्या डब्याचं चित्र असलेली. त्यावर अंगठा ठेवून बसले. भाजीवाला ओरडून गेला तरी उठले नाही. पुसला की तू ना तिची ना माझी. बरोबरी.

मग वाटलं, बटईवाला दारात आला आणि मालकाच्या घरच्यानं दार लावून घेतलं, असं आपल्या गावात झाल्याचं कधी ऐकलं नाही. आई असती तर म्हणाली असती, बकरी मेली तरी चालेल, रीत जाऊ नये. केवळ आईच्या भीतीनं मी जेवणं आटोपल्यावर तिला फोन लावला. माझा फोन कानाशी, तुझा हातात. काल न दाबलेलं परत यायचं बटण दाबलं.

हिरव्या लुगड्यातली एक चौकोनी बाई बर्फातून माझ्याकडे आली.

"चालत राहा बाई, उभ्या नोका राहू," फोनमधून आवाज आला. "गोल गोल फिरा, मंग नाई मारत."

आता कल्पना कर. मी खाटेवर बसून तुझ्या अंगानं बर्फात गोल गोल फिरते आहे, मागून कविता. ती मला उतारापलीकडच्या कुंपणात घेऊन गेली. आत बकऱ्या होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर नाव तरंगत होतं. बांडी. लपी. कानकाटी. मोरी. माझा हुंदका फुटला गं. या माझ्या बकऱ्या. माझ्या! यांच्या अंगाचा वास मला अजून येतो, आणि तू यांना बघितलंस ते फक्त संध्याकाळी कोठ्यात शिरताना.

"हे बांडी," कविता सांगायला लागली. "रंजूनं बिबट्यापासून वाचवली ते. तुमाले तर मालूमच असन. सागवनात बिबट आला, बाकीचे पोरं पळून गेले, अन् रंजू एकटी बांडीचा कान धरून उभी राह्यली. जागची हालली नाई. बोंब मारली तं बिबटच गेला परत."

मी फिरायची थांबले.

"तुमचंही लय सांगे ते," कविता हसली. "म्हणे, बाई लय भेवकट. ओट्याच्या खाली नाई उतरे. साय खाऊन बसून राहे, अन् मी आली का विचारे, आज काय झालं, सांग ना!"

रंजू, बांडीचा कान धरून मी उभी होते. मी. माझ्या गुडघ्यावर त्या दिवसाची खूण आहे, तू हात फिरवून बघायचीस ती. मला शाळा मिळाली नाही, साय मिळाली नाही, आई पुरती मिळाली नाही. मला मिळालं होतं ते तेवढं जंगल आणि त्या चार बकऱ्या, आणि तू ते उचलून नेऊन माजरीच्या बाईला स्वतःचं म्हणून सांगितलंस. आणि मला ओट्यावर बसवलंस! तोंडाशी आलं होतं, खोटारडी होती ती, एक पाऊल गेली नाही जंगलात, विचार कुणालाही आमच्या गावात.

पण त्याच वेळी दुसरंही कळलं. मी सांगत असताना तू माझ्याकडे तशी बघायचीस ते कशासाठी, ते. मला वाटायचं, हिला मी आवडते. आवडतही असेन. पण तू माझे पाय बघत होतीस. मातीनं भरलेले, काटे रुतलेले, धावून आलेले. वाटीत साय घेऊन, गोधडीत बसून, तू माझ्यावर जळत होतीस. लहानपणापासून. मी सायीवर आणि तू काट्यांवर. आणि एवढ्या वर्षांत एकीनंही दुसरीला सांगितलं नाही.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. तुला माझं काहीतरी हवं होतं. कवितेशी तुझं रक्त जुळलं, दुखणं जुळलं, पण जन्म तुला तिचा नको होता, माझा हवा होता. तिच्यापुढं मिरवायला तू माझा जन्म अंगावर चढवलास, लग्नाला जाताना बहिणीची साडी नेसावी तसा. हे मी तुला विचारू शकले असते तर तू नाही म्हणाली असतीस, मग भांडलो असतो, मग सकाळपर्यंत अबोला. तोही आता होणार नाही.

"बाई? आहे ना तुमी? कोणती घेता पहिले?" कविता विचारत होती. तिच्या आवाजात धाकधूक होती. मी मोरी घेईन, लपी घेईन आणि दार लावून घेईन, असं तिला वाटत असणार. चुकीचं नव्हतं वाटत.

"चालू राहू दे," मी म्हणाले.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"पण मी दुपारी भांडे झाल्यावरच उघडीन," मी म्हणाले. "सकाळी-संध्याकाळी फोन करून मांगं लागू नोको. अन् आता पहिलं पिलू माह्यं."

"हव बाई. हव." मग तिनं विचारलं, "बाई, राग नोका मानू. पण तुमी खरंच कधीच नाई गेल्या जंगलात? एकदाही?"

मला तुझा हेवा वाटतो, रंजू. आजही वाटतो. मेलीस तरी जे माझं ते तुझंच झालं, आणि तुझ्यासाठी रडणारी लांबून गाडी बदलून येते. माझ्यासाठी कोण येईल? गुडघ्यावरच्या खुणेवर हात ठेवून मी बसले होते. एक शब्द बोलले असते तर माझं सगळं मला परत मिळालं असतं.

"नाई वो," मी म्हणाले. "मले भेव वाटे. रंजूच जाये."

"सांगा ना बाई अजून तिचं काई."

मी पुन्हा चालायला लागले, बकऱ्यांच्या मधून. मोरी बोडीच्या पाळीवरच्या वाकड्या मोहाच्या झाडावर चढून बसली होती तो दिवस मी आजवर कुणाला सांगितला नव्हता, तुलाही नाही. झाडाखाली गाव जमलं होतं, कुणाची वर जायची छाती होत नव्हती, फांदी वाजत होती.

"मंग?" कवितेनं विचारलं.

"मंग काय," मी म्हणाले, "रंजू चढली वर."